निघणाऱ्याला निघू द्यावं

जगातल्या कुठल्याही देशानं कुठल्याही संघातून बाहेर पडायचं नुसतं मनात आणलं, तरी त्याची पहिली झळ दोहातल्या फरीज बिन ओमरान वस्तीतल्या आमच्या इमारतीच्या जिन्याला लागत असे. याचं कारण त्या जिन्याच्या तळाशी, डाव्या हाताच्या फ्लॅटमध्ये, आमचे वसईचे काका राहत. ते माझे सख्खे काका नव्हते, चुलत नव्हते, लांबून मानलेलेही नव्हते. मी मिरजेचा, ते वसईचे. माझ्या घरी देव्हारा, त्यांच्या घरी क्रूसासमोर तेवणारा छोटा दिवा. पण परक्या मुलखात ज्याच्या घरी आपण पहिलं जेवण जेवतो, त्याला काहीतरी नातं द्यावंच लागतं. नव्वदचं दशक सरत आलं होतं तेव्हा मी तिथं आलो. पहिल्या संध्याकाळी काकूंनी मला सुरमई वाढली आणि काकांनी विचारलं, "तुझं काय मत आहे, इंग्लंडनं युरोपातून निघावं की राहावं?" मी सकाळच्या विमानानं आलो होतो. माझं त्या क्षणी एकच मत होतं, की आणखी एक तुकडी मिळावी. मी म्हटलं, "राहावं." काकांनी ताट बाजूला सारलं, आणि मी सुरमईला मुकलो असं मला वाटलं, पण त्यांनी फक्त बोलायला हात मोकळे केले होते. काकूंनी मागून गुपचूप दुसरी तुकडी वाढली. हे त्यांचं दोघांचं वर्षानुवर्षं ठरलेलं कामाचं वाटप होतं, हे मला पुढे कळलं.

काकांचं मत एकच होतं आणि ते जगातल्या सगळ्या देशांना सारखंच लागू होतं. निघणाऱ्याला निघू द्यावं. एकत्र राहणं चांगलं की वाईट हा त्यांच्या लेखी प्रश्नच नव्हता. ज्याला दार उघडून जाता येतं तोच खरा आपखुशीनं राहतो, असं ते म्हणत, आणि मग उदाहरण म्हणून आपल्या वाडीतली विहीर काढत. वसईला त्यांची केळीची वाडी होती, भाऊ पुष्कळ आणि विहीर एक. विहिरीवर सामाईक मोटर बसवली होती. मोटर कधी चालू करायची, बंद कुणी करायची, बिघडली तर मेकॅनिकला कुणी बोलवायचं यावरून घरात जी राजनीती चालायची, तिच्यापुढे युरोपातली सगळी मंत्रिमंडळं बालवाडीत जाणारी वाटावीत. तरुणपणी काकांनी एक दिवस जाहीर केलं की आपण या विहिरीतून बाहेर पडतो, आणि स्वतःच्या तुकड्यात वेगळी विहीर खणली. त्यामुळे संघातून फुटून निघण्याचा जगातल्या भल्याभल्या पुढाऱ्यांना नसलेला प्रत्यक्ष अनुभव आपल्यापाशी आहे, अशी त्यांची पक्की समजूत होती.

ते मेसईदच्या खत कारखान्यात, जहाजांवर माल चढवण्याची कागदपत्रं तयार करणाऱ्या खात्यात होते. पहाटे कंपनीची बस त्यांना आमच्या कोपऱ्यावरून उचलायची. त्यांच्या खात्याचा साहेब इंग्रज होता आणि त्याला आपला देश युरोपातून बाहेर पडावा असं मनापासून वाटत असे. एवढा समविचारी साहेब मिळाल्यावर काकांना केवढा आनंद झाला असेल. त्यांनी साहेबाला पाठिंबा द्यायला सुरुवात केली. सकाळच्या चहाला पाठिंबा, दुपारच्या जेवणाला पाठिंबा, जहाज लागलेलं असताना धक्क्यावर भर उन्हात उभं राहून पाठिंबा. त्याच खात्यात दुसरा एक स्कॉटिश इंजिनियर होता, तो राहण्याच्या बाजूचा. काकांनी साहेबाच्या वतीनं त्याच्याशी असा काही लढा दिला की तो इंजिनियर दिसला की साहेबच वाट बदलून जाऊ लागला. वर्षभरानं साहेब एकदा काकांना म्हणाला, की मी बराच विचार केला आणि मला वाटतं आम्ही राहिलेलंच बरं. इतका पाठिंबा मिळाल्यावर त्या बिचाऱ्याला आपल्या मताबद्दलच शंका यायला लागली असणार. काका त्या दिवशी बसमधून उतरले ते थेट माझ्याकडे वर आले आणि खुर्चीत बसून म्हणाले, "माणूस निघाला फुटका."

युरोपात नवं सामाईक चलन आलं तेव्हा त्यांनी कुठूनतरी एक नोट मिळवली आणि ती खिशात घेऊन ते आठवडाभर हिंडले. जवळच्या अल मन्सूरा वस्तीतल्या भाजीवाल्याला, किराणावाल्याला, मशिदीसमोरच्या केरळी हॉटेलवाल्याला, सगळ्यांना त्यांनी ती उजेडात धरून दाखवली. त्यांचा आक्षेप असा, की हिच्यावर एकाही माणसाचा चेहरा नाही, नुसता पूल आहे, आणि तो पूलसुद्धा कुठल्याच गावातला खरा पूल नाही. ज्या नोटेवर खरा पूलसुद्धा छापायची हिंमत नाही, ती नोट उद्या भांडण झाल्यावर कुणाच्या बाजूनं उभी राहणार? हॉटेलवाला म्हणाला, "साहेब, चहा देऊ?" त्याच मन्सूऱ्यात त्यांचा नेहमीचा न्हावी होता. त्याच्या खुर्चीत बसून अर्धी दाढी झालेली असताना काका एकदा शेजारच्या खुर्चीतल्या पाकिस्तानी गृहस्थाशी वादात शिरले. त्या गृहस्थाचं काम आधी आटोपलं, तो उठून चालू लागला, आणि काका अर्ध्या गालावर साबण घेऊन त्याच्या मागं रस्त्यावर आले. त्यांनी त्याला नाक्यापर्यंत पोचवलं, हस्तांदोलन केलं, घरी जेवायला यायचं आमंत्रण दिलं आणि मग परत येऊन उरलेली दाढी केली. तो गृहस्थ खरंच जेवायला आला. काकांचे निम्मे स्नेही असे वादातूनच मिळालेले होते.

त्यांचं मराठी ऐकण्यासारखं होतं. घरी काकूंशी ते कादोडी, म्हणजे त्यांची वसईची बोली, बोलत, ती मला चार शब्दांपलीकडे कळत नसे, त्यामुळे त्यांच्या नवराबायकोच्या भांडणात मला कधी साक्षीदार होता आलं नाही. माझ्याशी मात्र ते चर्चमधल्या प्रार्थनेतलं, छापील, स्वच्छ मराठी बोलत, आणि राग आला की ते मराठी आणखी शुद्ध होत जाई. साधं "चूक आहे" म्हणायचं असेल तेव्हा ते चिडलेले नसत. "हे तुझे वचन सर्वथा असत्य आहे" असं ऐकू आलं की समजावं, आता काकू चहा टाकणार. काकू एका सरकारी इस्पितळात नर्स होत्या. दिवसभर माणसांची दुखणी ऐकून आल्यावर रात्री देशांची दुखणी ऐकायची ताकद त्यांच्यात कशी उरायची कोण जाणे. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "अहो, देशांना इंजेक्शन द्यावं लागत नाही, हे काय कमी आहे?"

हे सगळं हसण्यावारी सांगतो आहे, पण आमचा संसार त्या गावात उभा राहिला तो या दोघांच्या जिवावर. माझी बायको आली तेव्हा गॅसचा सिलिंडर काकांनी दोन मजले चढवून आणला, आणि चढताना कॅनडातला फ्रेंच बोलणारा प्रांत वेगळा व्हावा की नाही हे तिला समजावून दिलं. कढीपत्ता कुठं मिळतो, उन्हाळ्यात नळाला येणारं उकळतं पाणी आधी बादलीत भरून कसं निववायचं, कुठल्या दुकानात पोहे ताजे असतात, हे सगळं तिला त्यांनीच दाखवलं. आमच्या मुलीच्या वेळी मी कामावर होतो, आमच्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या-दारं बनवणाऱ्या कंपनीच्या शेडमध्ये, पार औद्योगिक वस्तीच्या टोकाला. बायकोला कळा सुरू झाल्या आणि काकांनी तिला गाडीत घातलं. ती घाबरली होती, म्हणून तिचं लक्ष दुसरीकडे वळवायला त्यांनी परत तोच कॅनडा काढला. एका सिग्नलला ते इतके रंगले की मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या. तेव्हा माझी बायको, जिनं तोवर त्यांच्यापुढे कधी तोंड उघडलं नव्हतं, ती म्हणाली, "काका, होऊ द्या त्यांना वेगळं, पण हिरवा लागलाय." मुलगी सुखरूप झाली. काकूंनी तिला पहिल्यांदा हातात घेतलं. ती मोठी झाली तशी काकांशी इंग्रजीत वाद घालू लागली, काका तिला मराठीत उत्तरं देत, आणि दोघांनाही दुसऱ्याचं सगळं कळे.

माझी आई एका हिवाळ्यात आमच्याकडे राहायला आली. तिनं आयुष्यभर मिरजेच्या घरात चार जावा, त्यांची पोरं आणि एक चूल सांभाळली होती. तिची आणि काकांची गाठ जिन्यात पडली आणि तिथंच दोघं पायरीवर बसले. एकत्र राहावं की फुटून निघावं, यावर त्यांचं रोज चार वाजता सुरू होई. माणसं येता-जाता त्यांना ओलांडून जात. काकांनी अर्थातच विहीर काढली. आईनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "वेगळी विहीर खणलीत ते ठीक. पाणी गोड लागलं का?" काकांनी पायरीवरचा खडा उचलून खाली टाकला. मी वरच्या पायरीवर उभा होतो. मग ते हळूच म्हणाले, की मचूळ लागलं, केळींना मानवलं नाही, पण लागलं ते माझं होतं. आई म्हणाली, "मग चांगलं झालं." जाताना आई त्यांना नमस्कार करून गेली, आणि काकांनी वसईहून आलेली सुकेळी, म्हणजे वाळवलेली गोड केळी, तिच्या पिशवीत कोंबली.

आता या हकिकतीतल्या तिसऱ्या म्हाताऱ्याकडे यायला हवं. आमच्या इमारतीच्या मागं एक जुना बैठा बंगला होता. त्याचे मालक वयस्क कतारी गृहस्थ होते, त्यांना सगळे हज्जी म्हणत. लहानपणी ते मोत्यांच्या व्यापाऱ्या बापाबरोबर मुंबईत राहिलेले होते, त्यामुळे त्यांची हिंदी थेट मोहम्मद अली रोडची होती. संध्याकाळच्या नमाजानंतर त्यांच्या मजलिसचं, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीच्या खोलीचं, दार उघडं असे. भिंतीला लागून गाद्या, मधे कॉफीची किटली आणि खजुराचं ताट. काका तिथं कसे पोचले हे कुणालाच आठवत नव्हतं, पण आठवड्यातून दोनदा तरी ते तिथं असत आणि मला बरोबर नेत. खजुराच्या बदल्यात ते सुकेळी घेऊन जात. हज्जींना ती फार आवडत. हज्जी एकत्र राहण्याच्या बाजूचे होते. सगळ्या आखाती देशांनी एक व्हावं, एक नोट व्हावी, एक बँक व्हावी, असं त्यांचं स्वप्न होतं, आणि तसं सामाईक चलन आणायची सरकारी बोलणीही तेव्हा चालू होती. काका वसईच्या विहिरीवरून आणि हज्जी आपल्या आजोबांच्या होडीवरून बोलत. होडीत चाळीस माणसं एका दोरीला धरून असत म्हणून मोती मिळाले, असं हज्जी म्हणत. ज्याला पोहून परत जायचं असेल त्याला दोरी सोडू द्यावी, असं काका म्हणत. ओमान त्या सामाईक चलनातून बाजूला झालं तेव्हा त्यांचा वाद महिनाभर पुरला होता. बाकीची माणसं बसून ऐकत. करमणूक म्हणून ते वाईट नव्हतं.

आणि मग एका वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी बातमी आली की एमिरेट्सही, म्हणजे दुबई-अबू धाबीवालेही, त्या चलनातून बाहेर पडताहेत. सामाईक बँकेचं मुख्यालय रियाधला ठरलं, ते त्यांना पटलं नव्हतं. त्या संध्याकाळी मजलिस भरलेली होती आणि हज्जींचे व्याही रियाधहून आलेले होते, हे काकांच्या लक्षात यायला हवं होतं. हज्जी दुःखानं बोलत होते. भाऊ भावाला सोडून गेला, असं म्हणत होते. काका म्हणाले, तिजोरी थोरल्या भावाच्याच घरात ठेवायची आणि धाकट्यानं चावीबद्दल विचारायचंही नाही, मग तो निघणार नाही तर काय करणार? व्याह्यांना हिंदी येत नव्हती, पण कुणीतरी त्यांच्या कानात अर्थ सांगितला. हज्जींचा चेहरा उतरला. पाहुण्यासमोर आपली शोभा झाली याचा राग असेल, पण ते जे बोलले ते त्यांनी याआधी कधी बोललेलं नव्हतं. ते म्हणाले, "तुम इधर का आदमी नहीं है. तुमको क्या मालूम."

काकांनी कॉफीचा छोटा कप खाली ठेवला. तो रिकामा करून हलवायचा असतो, म्हणजे वाढणारा समजतो की पुरे. काकांनी तो भरलेलाच ठेवला आणि ते उठून निघाले. जिन्यात म्हणाले, "मी या गावात केव्हा आलो माहीत आहे? इथं हा रस्ता नव्हता." एवढंच. त्यानंतर त्यांनी त्या बंगल्याच्या बाजूचा रस्ताच सोडला. हज्जींचा ड्रायव्हर एकदा खजूर घेऊन आला, काकूंनी घेतले, काकांनी खाल्ले नाहीत. हज्जी आपलं चुकलं म्हणेपर्यंत मी तिथं पाऊल ठेवणार नाही, असं त्यांनी त्यांच्या शुद्ध मराठीत मला सांगितलं. संध्याकाळी ते बातम्या लावून बसत आणि वाद घालायला कुणी नाही म्हणून टीव्हीवरच्या निवेदकाला उत्तरं देत. आमच्या जिन्यात त्या दिवसांत फार शांतता होती, आणि कुणाला ती आवडली नाही.

त्याच उन्हाळ्यात एका शुक्रवारी सकाळी मिरजेहून माझ्या भावाचा फोन आला. आईला अर्धांगाचा झटका आला होता, तिला दवाखान्यात ठेवलं होतं, आणि डॉक्टर म्हणत होते की यायचं असेल तर आजच निघा. तिथं तेव्हा देश सोडायला आपल्या कफीलची, म्हणजे ज्याच्या नावावर आपण तिथं काम करतो त्या मालकाची, परवानगी लागे. तिच्याशिवाय विमानतळावरून पुढं पाऊल टाकता येत नसे. माझा कफील उन्हाळ्यासाठी युरोपात गेला होता. त्याच्या धाकट्या भावाला सही करायचा अधिकार होता, पण त्याचा फोन बंद. कचेरीला शुक्रवार-शनिवार सुट्टी. मॅनेजरनं सांगितलं की रविवारी बघू, इन्शाल्ला. त्याचा दोष नव्हता, त्याच्या हातात काही नव्हतं. मी बॅग भरून घरात बसलो होतो. बायको तिकिटाचं बघत होती आणि मी तिला म्हणत होतो की तिकीट घेऊन करायचं काय.

काका दुपारी चर्चच्या प्रार्थनेहून परतले, सुट्टी शुक्रवारची म्हणून तिथं ती शुक्रवारीच असे. काकूंनी त्यांना खालीच सांगितलं असणार. ते वर आले, दारात उभे राहिले आणि विचारलं, "तुझा कफील हज्जींच्या बहिणीचा मुलगा ना?" मला हे माहीत नव्हतं. मजलिसमध्ये बसणारी माणसं कुणाची कोण, हे काकांना वसईतल्या नातेवाइकांइतकं पाठ होतं. मी म्हटलं, काका, तुम्ही तिथं जात नाही, मी एकटा जातो. ते म्हणाले, "तुला तिथं बोलता येणार नाही. तू रडशील." आणि ते खरं होतं. त्यांनी प्रार्थनेचा पांढरा शर्ट बदललासुद्धा नाही. मला पुढे घातलं आणि आम्ही मागच्या रस्त्यानं निघालो. ते माझ्या मागून भराभर चालत होते. मला वाटलं, ते मनातल्या मनात हज्जींना काय सुनवायचं ते जुळवताहेत.

शुक्रवार असल्यामुळे दुपारीच मजलिस भरली होती. आम्ही आत शिरलो तशा सगळ्यांच्या माना वळल्या. हज्जी वरच्या गादीवर होते. काका खोलीच्या मधोमध, किटलीपाशी उभे राहिले. त्यांनी सलाम केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हज्जी, हम गलत था. भाई को छोड के नहीं निकलना चाहिए था. तुम सही था."

ज्या माणसानं अर्ध्या दाढीनं रस्त्यावर येऊन वाद घातला, ज्यानं मचूळ विहिरीचं पाणी वर्षानुवर्षं प्यायलं पण परत भावांच्या विहिरीवर गेला नाही, तो सगळ्यांसमोर हरत होता, आणि तेही माझ्यासाठी. हज्जी त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांची नजर माझ्याकडे वळली. माझा चेहरा बघून त्यांनी अरबीत कुणालातरी जागा करायला सांगितलं, मला बसवलं आणि काय झालं ते विचारलं. मला बोलता आलं नाही. काकांनी सांगितलं. आई, मिरज, कफील, भाऊ, बंद फोन. ते थोडक्यात आणि नीट सांगितलं, जहाजाच्या कागदांसारखं.

हज्जी रागावले. असे रागावलेले मी त्यांना वादातही पाहिले नव्हते. ते काकांना म्हणाले, "इसके वास्ते तुम हारा? बिना हारे बोलता, तो हम नहीं करता?" काका खाली बघत होते. हज्जी पुन्हा म्हणाले, या वेळी हळू, "वो बात अलग. माँ अलग."

पुढचं सगळं भराभर झालं. माझ्या कफीलचा धाकटा भाऊ मासेमारीला होडी घेऊन समुद्रात गेला होता, उत्तरेला खोर गावाच्या बाजूला. हज्जींनी आपल्या ड्रायव्हरला खोरच्या धक्क्यावर पिटाळलं, एका पुतण्याला विमानतळावर पाठवलं, आणि स्वतः फोनवर फोन करत बसले. मधेच त्यांनी काकांच्या हातात कॉफीचा कप दिला. काकांनी तो प्यायला, आणि हलवला नाही, म्हणून तो परत भरला गेला. अंधार पडायच्या आत तो भाऊ आला, अंगाला समुद्राचा वास, पायात वाळू भरलेल्या चपला. त्यानं मला मिठी मारली, माझ्या आईसाठी दुआ मागितली, आणि आम्ही त्याच्याच गाडीतून विमानतळावरच्या परवान्याच्या खिडकीशी गेलो. सही झाली. काका माझी बॅग धरून उभे होते. मी त्यांच्या पाया पडलो, तर ते म्हणाले, "उगाच गैरसमज नको. मी हरलेलो नाही. वाद तहकूब आहे." आणि मला आत ढकललं.

आई वाचली. मी पोचलो तेव्हा ती शुद्धीवर होती, उजवा हात उचलत नव्हता, जीभ जड झाली होती. मी महिनाभर तिच्याजवळ राहिलो. मला तिला भरवता आलं, तिची वेणी घालता आली, एक शब्द तीनदा ऐकून समजून घेता आला. जरा बोलता येऊ लागल्यावर तिला मी सगळं सांगितलं, काका कसे बोलले ते. मग अडखळत म्हणाली, "त्यांना सांग, खोटं बोलले, पण गोड बोलले." त्यानंतरही ती काही वर्षं जगली. डाव्या हातानं सही करायला शिकली. त्या महिन्याचे जे दिवस मला मिळाले, ते मी कुणाचे धरायचे हे मला ठाऊक आहे.

मी दोहाला परतलो तर जिन्यात नवीच अडचण उभी होती. काका मजलिसला जाऊ लागले होते, पण वादच होत नव्हता. काकांनी सगळ्यांसमोर मत मागं घेतलेलं, ते परत उचलायचं तर शब्द मोडल्यासारखं होणार. हज्जींनाही जिंकल्याचा आनंद नव्हता. दोघं समोरासमोर बसून हवेबद्दल बोलत, आणि तिथल्या हवेबद्दल बोलायला उन्हाळ्यात एकच वाक्य असतं. बाकीची माणसं कंटाळून लवकर उठू लागली. असे काही आठवडे गेले. मग एका संध्याकाळी, मीही होतो, हज्जींनी घसा साफ केला आणि जाहीर केलं की आपण खूप विचार केला आणि आपल्याला वाटतं, एमिरेट्सवाले निघाले तेच बरं झालं. ज्याला जायचं त्याला जाऊ द्यावं. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. हज्जी अगदी निरागस चेहरा करून खजूर खात होते. काकांना काय ते कळायला एक क्षण लागला. मग ते गादीवर पुढे सरकून बसले आणि म्हणाले, "बिलकुल गलत." त्या दिवसापासून हज्जी निघण्याच्या बाजूनं आणि काका राहण्याच्या बाजूनं भांडू लागले. हज्जी वसईची विहीर वापरत आणि काका हज्जींच्या आजोबांची होडी. दोघांनीही दुसऱ्याचे मुद्दे इतकी वर्षं ऐकलेले होते की ते त्यांना स्वतःच्या मुद्द्यांपेक्षा चांगले मांडता येत.

पुढच्या वर्षी काका निवृत्त झाले. काकूंची नोकरीही संपत आली होती. त्यांच्या निरोपाला अल मन्सूऱ्याचा न्हावी आला, हॉटेलवाला आला, तो पाकिस्तानी गृहस्थ डबा घेऊन आला. हज्जींना तेव्हा चालवत नव्हतं, म्हणून गाडी इमारतीखाली आणून ते आतच बसले आणि काका काचेपाशी वाकून त्यांच्याशी बोलत राहिले. काय बोलले ते मी विचारलं नाही. माझी मुलगी, जी त्यांना इंग्रजीतच उत्तरं द्यायची, ती त्या दिवशी मराठीत म्हणाली, "काका, जाऊ नका." काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

आता मी फोन करतो तेव्हा आधी काकू बोलतात आणि मग फोन त्यांच्या कानाशी धरतात. त्यांना ऐकू येईनासं झालं आहे. यंत्र कानात घालत नाहीत. त्यामुळे समोरच्यानं काहीही म्हटलं तरी ते मान डोलावतात आणि म्हणतात, बरोबर आहे, अगदी बरोबर आहे. काकू हसून सांगतात की घरात असा समजूतदार माणूस त्यांना लग्नानंतर पहिल्यांदाच मिळाला आहे. मला मात्र ते ऐकवत नाही. मी मुद्दाम काहीबाही बोलून बघतो, ते चिडावेत म्हणून.

गेल्या खेपेला मात्र मी मुद्दाम बोललो नव्हतो. मी म्हटलं, "काका, मीही आता इथलं सगळं आवरून कायमचा परत यावं म्हणतो. मुलगी शिकायला बाहेर गेली, आई राहिली नाही. यावं का?" मला खरंच कुणीतरी माझ्याशी वाद घालायला हवा होता. पलीकडे वाडीत कुणीतरी कुणाला हाक मारत होतं. मग काका म्हणाले, "बरोबर आहे. ये." ऐकू न येता म्हणाले की ऐकून, ते मी काकूंना विचारलं नाही.